कॅलिपरवरची अक्षरं घरी रंगवायची असतील तर आधी ब्रेक ऑइलचं बघा

जुळे सोलापुरातल्या एका तरुणाने विचारलं आहे : "माझ्या 200 सीसीच्या गाडीच्या पुढच्या कॅलिपरवरची पांढरी अक्षरं उडत चालली आहेत. ती घरीच लाल किंवा पांढरी करायची आहेत. मित्र म्हणतो नेलपॉलिश लाव. रंगाच्या दुकानात सांगितलं, हीटप्रूफ स्प्रे घेऊन जा. एकाने तर कॅलिपर खोलून रॉकेलने स्वच्छ धू, मग रंगव, असं सांगितलं. जमलं तर हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकणही करायचं आहे. नेमकं काय करू?"

मी पाट्या रंगवणारा पेंटर. वीसेक वर्षं सोलापुरात दुकानांच्या पाट्या, टेम्पो-ट्रकवरची अक्षरं आणि नंबर प्लेटा रंगवल्या. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच यायला लागल्या, नंबर प्लेटचं काम आटलं आणि पोरांच्या बाइकवरची बारीक अक्षरं, टाकीवरच्या रेषा हे काम वाढलं. माझ्या दुकानाला लागूनच गॅरेज आहे. त्यामुळे ब्रेक खोलताना, ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा म्हणजे एअर काढताना आणि चुका निस्तरताना रोज बघत आलो आहे. उत्तर लांबेल, पण कॅलिपर म्हणजे चाकाजवळच्या डिस्कवर पॅड दाबून गाडी थांबवणारा ब्रेकचा भाग, म्हणून कारणांसकट सांगतो.

थोडक्यात आधी हे ऐका. नुसती अक्षरं घरी बिनधास्त रंगवा, पण कॅलिपर गाडीवर आहे तसाच ठेवून. साधा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश पुरतो. ब्रेकची नळी सोडायची नाही, कॅलिपरच्या पोटात हात घालायचा नाही आणि रॉकेल जवळही आणायचं नाही. अख्ख्या कॅलिपरचा रंग बदलायचा असेल तर ते घरचं काम नाही. त्याचं कारण पुढे येईल.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत. अक्षरं उठावाची आहेत की खोल कोरलेली, यावर रंग लावायची पद्धत ठरते. काही कॅलिपरवर अक्षरं नसतातच, नुसता छापलेला शिक्का असतो. तो गेला की गेला, त्यावर हाताने गिरवत बसू नका, वेडंवाकडं दिसतं. कॅलिपर काळ्या रंगाचा आहे, सोनेरी अ‍ॅनोडाइज केलेला आहे की उघडं अ‍ॅल्युमिनियम, यावर रंग किती धरेल हे ठरतं. आणि शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, यावर तर सगळंच. हा शेवटचा मुद्दा कुणी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो.

ब्रेक ऑइल म्हणजे आपल्याकडच्या बाइकमध्ये असतं ते डॉट 3 किंवा डॉट 4. नावाला ऑइल, पण ते ग्लायकॉल जातीचं असतं आणि रंगाचा वैरी असतं. कॅलिपरची अक्षरं मी पहिल्यांदा रंगवली तेव्हा पांढरी शुभ्र, कडा सुरीने कापल्यासारख्या, असं काम उतरलं होतं. गिऱ्हाईक खूश होऊन गेला. आठवड्याने परत आला तेव्हा मधली तीन अक्षरं तापवलेल्या दुधावरची साय गोळा व्हावी तशी सुरकुतून एका बाजूला सरकली होती. बोट लावलं तर बोटाला चिकटून आली. मधल्या काळात त्याने ब्रेकची एअर काढून घेतली होती, एअर काढायच्या निपलमधून ब्रेक ऑइलचे दोन थेंब ओघळले होते आणि कुणी पुसले नव्हते. मला वाटलं होतं रंग खराब निघाला. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी नुसतं निपलकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, ब्रेक ऑइल कधी बदललंय? बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा भरला की ही मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. म्हणजे बदलायची वेळ झालीच असेल तर आधी ऑइल बदलून, एअर काढून घ्या, कॅलिपर धुऊन घ्या आणि मगच रंगाला हात घाला. उलटं केलंत तर आठवड्याभरात माझ्यासारखी साय बघायला मिळेल.

पुढे कधी थेंब पडलाच तर घाबरून कोरड्या कापडाने घासू नका, त्याने ते पसरतं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, म्हणून लगेच भरपूर पाणी ओता. पहिल्या दोन-चार मिनिटांत पाणी पडलं तर रंग बहुतेक वेळा वाचतो.

कुणी सांगेल की डॉट 5 भर, ते रंग खात नाही. खरं आहे, ते सिलिकॉनचं असतं आणि रंगाला काही करत नाही. पण ते डॉट 3-4 मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या, गाडीला तर मुळीच नको. तुमची गाडी 125 सीसीच्या वरची आहे, म्हणजे 2019 नंतरची असेल तर तिला एबीएस आहेच. झाकणावर जे लिहिलंय तेच भरायचं. डॉट 5.1 नावावरून डॉट 5 चं भावंड वाटतं, पण ते ग्लायकॉलचंच आहे, रंगही तितकाच खातं.

आता रॉकेलचं. तुम्हाला मिळालेला सगळ्यात घातक सल्ला हाच, आणि देणाऱ्याने चांगल्या मनाने दिला असेल, कारण आपल्याकडे इंजिनपासून चेनपर्यंत सगळं रॉकेल-डिझेलने धुवायची सवय आहे. कॅलिपरच्या आत पिस्टनभोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं. ते ज्या रबराचं असतं त्याला ईपीडीएम म्हणतात. हे रबर ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं बुडून राहतं, त्याला काही होत नाही. पण रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही लागलं की ते फुगतं.

आणि हे सील फक्त गळती थांबवत नाही. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा पिस्टन पुढे सरकताना सील थोडं पिळलं जातं, लिव्हर सोडली की ते सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. त्या केसभर जागेमुळे चाक मोकळं फिरतं. सील फुगलं की पिस्टन मागे येत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो. एका पोराने कॅलिपर खोलून रॉकेलच्या डब्यात रात्रभर बुडवून ठेवला होता, रंग चांगला धरावा म्हणून. तुळजापूरला दर्शनाला गेला, तिथे पार्किंगमध्ये गाडी ढकलायला गेला तर पुढचं चाक हलेना. परत आणली तेव्हा डिस्कवर निळसर झाक आली होती. रबर किट, पॅड आणि डिस्क असं सगळं बदलावं लागलं. अक्षरं मात्र झकास आली होती, ते बघून मला जास्तच वाईट वाटलं.

मग धुवायचं कशाने? साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, एवढंच. पॅडची काळी भुकटी कोरडी फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका, ती छातीत जाते. ओली करून धुवा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा मारा, कारण जड पाणी वाळलं की काळ्या कॅलिपरवर पांढरे ठिपके राहतात आणि त्यावर रंग नीट बसत नाही. गाडी एक-दोन तास कोरडी होऊ द्या. मग मोबाइल रिपेअरिंगवाले सर्किट पुसायला जे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरतात त्याचा एक बोळा फक्त अक्षरांवरून फिरवा. त्याने तेलकटपणा जातो आणि वास घेत बसावं लागत नाही.

हीटप्रूफ स्प्रेकडे येऊ. दुकानदाराचा तर्क सरळ आहे, ब्रेक तापतो म्हणून तापाचा रंग. पण किती तापतो आणि कुठे तापतो हे बघायला हवं. तुळजापूरचा घाट मागे कुणाला तरी बसवून उतरा, खाली येऊन थांबा आणि ओलं बोट झटकून दोन शिंतोडे डिस्कवर टाका, चर्र आवाज येईल. तसेच शिंतोडे कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावर, अक्षरांवर टाका. मी हे कितीतरी गाड्यांवर करून पाहिलंय, पाणी नुसतं ओघळतं. म्हणजे अक्षरांच्या जागी पाणी उकळण्याइतकीही उष्णता नसते. उष्णता डिस्क आणि पॅडपाशी असते, कॅलिपरचं बाहेरचं अंग जाड अ‍ॅल्युमिनियमचं आणि त्यावर सतत वारा. रस्त्यावरच्या बाइकला चांगला ऑइल पेंट तिथे पुरतो.

हीटप्रूफ रंगाची दुसरी अडचण डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही. त्यातले बहुतेक रंग सिलिकॉन जातीचे, ते 200 अंशांच्या आसपास तापवल्यावर पक्के होतात. सायलेन्सरवर मारला तर सायलेन्सर स्वतःच त्याला भाजून काढतो. कॅलिपर तेवढा तापणार नाही, तापला तर तुमची गाडी आधीच अडचणीत आहे, आणि रबराची सीलं आत असताना तो भट्टीत घालता येत नाही. म्हणजे हा रंग तिथे अर्धाकच्चा राहणार. नखाने ओरखडा उठतो आणि पेट्रोलचा हात लागला तरी निघतो.

शिवाय स्प्रे म्हणजे फवारा. डिस्क तिथून बोटभर अंतरावर आहे. कितीही कागद लावला तरी धुकं शिरतं. डिस्कवर बसलेलं एक वेळ पुसून निघेल, पण पॅड सच्छिद्र असतो, त्याने रंग किंवा तेल पिऊन घेतलं की ते पूर्ण निघत नाही. पॅड बदलायचाच. अक्षरांसाठी स्प्रेची गरजच नाही.

नेलपॉलिशबद्दल मित्राला नावं ठेवू नका. पटकन वाळते, छोटा ब्रश आयता मिळतो. पण ती नखावर आठ-दहा दिवस टिकण्यासाठी केलेली असते. आपल्या उन्हात लाल नेलपॉलिश काही महिन्यांत विटकरी होते आणि कडेने पापुद्रे सुटतात. लग्नाच्या वरातीपुरती गाडी चमकवायची असेल तर ठीक. ऑइल बेसचा पेंट मार्कर त्याहून बरा आहे आणि उठावाच्या अक्षरांवर नवशिक्याच्या हाताला सोपा जातो. त्याची टोकाची वात मात्र खडबडीत धातूवर लवकर फाटते, मग रेषा जाड येते. कोरलेल्या अक्षरांत मार्कर शिरतच नाही.

माझी निवड साधा सिंथेटिक इनॅमल, म्हणजे दुकानात ऑइल पेंट म्हणून मिळतो तो, सगळ्यात लहान डबा. बरोबर टर्पेंटाइन. एनसी थिनर, म्हणजे लॅकर रंगाचा थिनर नको, तो कॅलिपरचा मूळ काळा रंगच उचलतो. ब्रश 00 नंबरचा, केस टोकाला एकत्र येणारा. टोक विखुरलेला ब्रश फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्याशिवाय 600 नंबरचा वॉटर पेपर, टूथपिक, जुन्या बनियनचं धुतलेलं कापड, एक खोडरबर आणि फरशीचा किंवा काचेचा एक गुळगुळीत तुकडा. खोडरबर कशाला ते सांगतो.

पण त्याआधी वेळ. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, आणि उन्हातल्या धातूला तर हात लावता येत नाही. त्यावर रंग टेकवला की टर्पेंटाइन उडून जातं, ब्रश ओढताना रंग दोऱ्यासारखा तुटतो आणि कडा दाणेदार येतात. संध्याकाळी वारा सुटतो तो धुळीसकट. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सहा ते आठ, सावलीत. घरात करत असाल तर आधी जमिनीवर पाणी शिंपडा, पंखा बंद ठेवा, खिडकी उघडी. पावसाळ्यात ढगाळ दिवशी रंग वाळायला दुप्पट वेळ घेतो, तेवढा दिला तर काही बिघडत नाही. सगळ्यात छान काम दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत होतं, हवा कोरडी आणि धातू गार.

गाडी मुख्य स्टँडवर लावा, नसेल तर साइड स्टँडवर लावून मागच्या चाकाला वीट टेकवा. पुढचं चाक डावी-उजवीकडे वळवून अक्षरं तुमच्या डोळ्यांसमोर आडवी आणा. पाटावर बसा. वाकून, उकिडवं बसून हे काम होत नाही, पाचव्या अक्षराला हात थरथरायला लागतो. डिस्कवर प्लास्टिकची पिशवी चढवून टेप लावा. जुना रंग अर्धवट उडालेला असेल तर टूथपिकने किंवा बांबूच्या काडीने खरवडून काढा, स्क्रू ड्रायव्हरने नको. मग वॉटर पेपरचा नखाएवढा तुकडा घडी करून फक्त अक्षरांच्या माथ्यावरून चार-पाचदा फिरवा. चमक जाऊन मिणमिणीत पांढुरकेपणा आला की बास. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमवर रंगाला धरायला काही नसतं, हे ओरखडे त्याच्यासाठी असतात. एबीएसच्या गाडीत चाकाजवळ भोकाभोकांची छोटी रिंग आणि तिच्यासमोर सेन्सर असतो. घासलेली भुकटी तिकडे जाऊ देऊ नका, ओल्या कापडाने लगेच टिपा. शेवटी पुन्हा आयपीएचा बोळा.

अक्षरं उठावाची असतील तर खोडरबर काढा. धारदार ब्लेडने त्याचा एक काप असा घ्या की एक बाजू अगदी सपाट येईल. काचेवर रंगाचा थेंब टाकून खोडरबरानेच तो पातळ पसरा, इतका की काच खालून अंधुक दिसली पाहिजे. मग खोडरबर रंगात टेकवा, एकदा कागदावर उमटवून जादाचा रंग घालवा आणि अक्षरांवर सरळ, न सरकवता दाबा. शिक्का मारतो तसं. रंग फक्त माथ्यावर बसतो, खालच्या काळ्या जमिनीला लागतच नाही. पहिल्या वेळी अक्षरं फिकी दिसतील. चार-पाच तासांनी दुसरा हात द्या. एकाच वेळी जाड द्यायला गेलात तर रंग कडेवरून ओघळतो आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, मुलीच्या दप्तरातला खोडरबर हाताला लागला आणि सापडली. आता ब्रश मी फक्त कोपरे दुरुस्त करायला घेतो.

कोरलेल्या अक्षरांचं काम मला जास्त आवडतं, त्यात पेंटरचा हात लागतो. इथे रंग ओढायचा नसतो, सोडायचा असतो. ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइनचे दोन-तीन थेंब घालून तो काकवीपेक्षा थोडा पातळ करा. करंगळी कॅलिपरच्या अंगावर टेकवा, मनगट हवेत नको. ब्रशच्या टोकावर मोहरीएवढा थेंब घ्या आणि अक्षराच्या खाचेत मधोमध नुसता टेकवा. थेंब आपोआप खाचेच्या भिंतीपर्यंत पळत जातो आणि तिथे थांबतो. समजा इंग्रजी बी आहे. उभ्या दांड्याच्या मध्यावर एक थेंब, तो वर-खाली धावेल. मग वरच्या पोटात एक, खालच्या पोटात एक. दोन थेंब एकमेकांना भेटले की मधली रेघ नाहीशी होते, ते बघायलाही छान वाटतं. कोपऱ्यात रंग पोचला नाही तर टूथपिकच्या टोकाने त्याला वाट दाखवा. बाहेर सांडलं तर हात लावू नका.

वीस-पंचवीस मिनिटांनी, रंगाला बोट चिकटतं पण ओला लागत नाही अशा वेळी, बनियनचं कापड जुन्या एटीएम कार्डावर ताणून धरा. कापडाला टर्पेंटाइनचा नुसता वास लागेल इतकं ओलं करा आणि अक्षरांवरून एका दिशेने एकदाच फिरवा. कार्ड कडक असल्यामुळे कापड खाचेत उतरत नाही, फक्त वरचं सांडलेलं उचलतं. प्रत्येक वेळी कापडाची नवी जागा. कापड नुसत्या बोटावर गुंडाळून पुसलंत तर बोट खाचेत शिरतं आणि अक्षरातला रंगही उचलून आणतं. नवशिक्याचं काम इथेच बिघडतं. बिघडलं तरी काळजी नको, सगळं टर्पेंटाइनच्या बोळ्याने टिपून पहिल्यापासून करा. बोळा ओला, ठिबकणारा नको. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइनही बहुधा पेट्रोलच्याच घराण्यातलं असतं, ते ओघळून पिस्टनच्या रबराकडे जाता कामा नये.

रंग कुठे अजिबात लागू द्यायचा नाही ते एकदा नीट बघून घ्या. एअर काढायचं निपल आणि त्याची रबरी टोपी, कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना आणि त्यांचे रबरी बूट, पॅड बसतात ते खाचे, पिस्टन आणि डिस्क. सरकत्या पिनेवर रंगाचा थर बसला की कॅलिपर अडकतो आणि एकच पॅड झिजतो. आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही, कॅलिपर फोर्कला जिथे बोल्टने आवळला जातो तिथले दोन सपाट पृष्ठभाग. तिथे रंगाचा थर असेल तर बोल्ट आवळताना तो घट्ट वाटतो, पण चालवताना रंग दबतो, पिचतो आणि बोल्टची पकड सैल होते. ब्रेकच्या बोल्टची पकड.

अख्खा कॅलिपर घरी रंगवू नका म्हणतो ते याच कारणांमुळे. नीट करायचं तर कॅलिपर उतरवून, सगळी सीलं काढून, आतली भोकं आणि सपाट जागा बंद करून, अ‍ॅल्युमिनियमला धरणारा प्रायमर मारून, ब्रेक ऑइल सहन करणारा टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा रंग, किंवा भट्टीत भाजून पक्कं होणारं पावडर कोटिंग द्यावं लागतं, आणि परत जुळवताना नवं रबर किट टाकावं लागतं. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून जायला नको, त्याला कापडी मास्क पुरत नाही. एमआयडीसीत पावडर कोटिंग करून देणारे आहेत, पण त्यांच्याकडे कॅलिपर नेण्याआधी तो ब्रेक खोलणाऱ्या माणसाने पूर्ण मोकळा करून द्यायला हवा. सीलांसकट भट्टीत गेलेला कॅलिपर मी पाहिला आहे, पिस्टन बाहेरच निघेना. गाडी वॉरंटीत असेल तर खोलण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. नुसत्या अक्षरांना विचारायची गरज नाही, तुम्ही काही खोलतच नाही.

मास्टर सिलिंडरच्या झाकणाचं विचारलंत, याचा मला आनंद झाला. त्या झाकणावर बारीक अक्षरांत सूचना असते, झाकण उघडण्याआधी पुसा आणि बंद डब्यातलं अमुक डॉट ऑइलच वापरा. बऱ्याच पोरांना ती अक्षरं जुनाट वाटतात आणि ती वरून सपाट काळा रंग मारून झाकतात. तसं करू नका, उलट तीच अक्षरं पांढरी करा. गॅरेजमध्ये घाईत कुणी चुकीची बाटली उचलली तर निदान डोळ्यांसमोर ठळक लिहिलेलं असेल. झाकण उघडायचं नाही, जागेवरच खोडरबराने शिक्का मारा. बाजूच्या काचेच्या गोल डोळ्यावर आणि मिनिमम लिहिलेल्या खुणेवर रंग नको. एवढं मात्र धरून चाला की ऑइल भरताना थेंब सांडतो तो याच झाकणावर. म्हणून हा रंग वर्ष-दीड वर्षाने परत द्यावा लागेल. दहा मिनिटांचं काम आहे.

मागे ड्रम ब्रेक असेल, किंवा घरी वडिलांची शंभर सीसीची गाडी असेल, तर तिथेही ब्रशला काम आहे. ड्रमच्या प्लेटवर, ब्रेकचा दांडा बसतो तिथे, बहुतेक गाड्यांना एक छोटा बाण आणि प्लेटवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला तर लायनर बदलायची वेळ झाली. चिखल आणि ग्रीसखाली ती खूण कुणाला दिसत नाही. बाण आणि खूण दोन्ही पांढरी करून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या गाड्यांवर मी हे न विचारता करून देतो आणि खाली बसून एकदा दाखवतो.

काम झाल्यावर गाडी निदान रात्रभर तशीच ठेवा. ऑइल पेंट पाच-सहा तासांत हाताला लागत नाही, पण आतून कडक व्हायला आठवडा घेतो. तोवर वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा मारायचा नाही. त्यानंतरही फवारा अक्षरांवर जवळून रोखू नका. डिस्कवरची पिशवी आणि टेपचा शेवटचा तुकडा निघाला का ते चाक हाताने फिरवून बघा. डिस्क आयपीएने पुसा. मग गाडीवर बसून, चालू न करता, ब्रेकची लिव्हर चार-पाचदा दाबा, नेहमीसारखी कडक लागली पाहिजे. तुम्ही काही खोललं नसेल तर लागणारच, पण काम करताना चुकून पॅड मागे ढकलले गेले असतील तर पहिल्या एक-दोन दाबांना लिव्हर थेट हँडलला टेकते. ते अंगणात कळलेलं बरं, सात रस्त्याच्या सिग्नलला नको.

राहिला प्रश्न लाल की पांढरा. पांढरा रंग उन्हात सगळ्यात जास्त टिकतो, फार तर वर्षभराने किंचित साईसारखा होतो आणि काळ्या कॅलिपरवर तो खुलून दिसतो. लाल पहिल्या महिन्यात डोळ्यात भरतो, पण गाडी दिवसभर कॉलेजच्या पार्किंगला उन्हात उभी असेल तर दुसऱ्या उन्हाळ्यात तो विटतो. फ्लोरोसंट रंग तर त्याच्याही आधी. तुमची मूळ अक्षरं पांढरी होती, मी पांढरीच करीन.

आणि काचेवर उरलेल्या पांढऱ्या रंगातला एक थेंब वाया घालवू नका. कॅलिपरचे दोन मोठे बोल्ट गॅरेजमध्ये टॉर्क पान्याने मॅन्युअलप्रमाणे तपासून घेतले असतील, तर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली कॅलिपरच्या अंगावर उतरणारी एक बारीक सरळ रेषा ओढा. बोल्ट सैल होऊन जरा जरी फिरला तरी रेषा मधून तुटलेली दिसते. सकाळी गाडी बाहेर काढताना, चावी लावण्याआधी, एकदा वाकून तिच्याकडे बघायचं.